पुसलेले धवले

१

“धवले गेले, मॅडम. कुणीतरी पुसून टाकले.”

खुर्ची ओढून बसायच्याही आधी बाईनं हे सांगून टाकलं. हवालदार छाया ठोंबरे यांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि पुन्हा चढवला. मे महिन्याची दुपार होती. पंखा गरगरत होता, पण वारा कुठं जात होता कुणास ठाऊक. सायबरच्या टेबलावर आल्यापासून छायाबाईंनी बँकेतून गेलेलं ऐकलं होतं, फोनमधून गेलेलं ऐकलं होतं, भलत्याच्या नादी लागून अब्रू गेलेलीही ऐकली होती. समोरच्यानं तोंड उघडायच्या आत त्यांना आता ओटीपीचा वास यायचा. धवले गेल्याची तक्रार मात्र पहिलीच होती.

“नीट सांगा,” त्या म्हणाल्या. “आधी नाव.”

बाईचं नाव सुप्रिया. कर्जतला शाळेत शिक्षिका, माहेर खालापुरातलं कुंभेवली. तिची आई इंदूबाई भोईर गावची धवलारीण. आगरी लग्नात हळद लागण्यापासून नवरी निघेपर्यंत जे जे होतं, त्या सगळ्याला एकेक धवला, म्हणजे गाणं, असतं आणि ते म्हणायला धवलारीण लागते. इंदूबाईंनी पंचक्रोशीतली निम्मी लग्नं लावली होती. त्यांचे धवले सुप्रियानं रेकॉर्ड करून ऑनलाइन खात्यात साठवले होते. तिथूनच ते लोकांच्या फोनवर जात, गावोगावच्या हळदीत वाजत. आता एक मोठी संस्था त्यांचा संग्रह काढणार होती. आणि ऐन वेळी खातं उघडून बघते तो काय, धवले नाहीत. कचऱ्याची पेटीसुद्धा रिकामी केलेली.

“सगळे गेले?”

“थोडे जुने राहिलेत. त्याला वेळ मिळाला नसेल.”

“त्याला म्हणजे कुणाला?”

सुप्रियानं पदरानं मान पुसली. “जितेश. माझा मावसभाऊ. मोहोपाड्याला एका कंपनीत कॉम्प्युटरचं बघतो. त्यानंच पासवर्ड मॅनेजर घ्यायला लावला. म्हणे, सगळे पासवर्ड तो लक्षात ठेवतो, तू फक्त एक मुख्य पासवर्ड ठेव. मी म्हणाले होते, अरे, सगळ्या चाव्या एका कपाटात कशाला? ऐकलं नाही. आता बघा. ज्यानं कपाट आणलं त्यालाच ते उघडता येणार ना?”

“तो मुख्य पासवर्ड त्याला माहीत आहे?”

“नाही म्हणतो. पण मी त्याच्या कंपनीला कळवलंय. असला माणूस तुमच्याकडं कामाला आहे म्हणून.”

छायाबाईंचं पेन थांबलं. “तक्रार करायच्या आधीच कळवलंत?”

सुप्रियानं विषय बदलला. तिला तक्रारीची प्रत हवी होती. ती दाखवली की संस्था मुदत वाढवून देणार होती.

छायाबाईंनी तिच्याच फोनवर खात्याचा इतिहास उघडायला लावला. एवढं त्या आता झोपेतही करू शकत होत्या. नवा फोन नाही, अनोळखी गाव नाही, पासवर्ड बदलल्याची नोंद नाही. धवले पुसले गेले ते एका दुपारी, कुंभेवलीच्या घरात असलेल्या टॅबवरून. त्या दुपारी सुप्रिया अलिबागला संस्थेच्या लोकांपुढं बसली होती, फोन तिच्या पर्समध्ये होता.

म्हणजे कुलूप कुणी फोडलं नव्हतं. घरात शिरून कुणीतरी ते रीतसर उघडलं होतं.

२

मोहोपाड्याला कंपनीच्या फाटकासमोर चहाची टपरी होती. जितेश तिथं बाकावर बसला होता, गळ्यात ओळखपत्र नव्हतं.

“काढून घेतलं,” तो म्हणाला. “चौकशी होईस्तोवर कुठल्याच मशीनला हात लावायचा नाही म्हणाले. नोकरी आहे अजून. पण मॅडम, आमच्या कामात एकदा संशय आला की संपलं. चावीवाल्यावर चोरीचा आळ आल्यावर त्याला घरात कोण घेईल?”

चहा आला. हवेत नेहमीचा औषधी वास होता, इथल्या माणसांना तो आता येतही नसावा.

“मॅनेजर बसवायची गरज काय होती?”

“आधी पासवर्ड काय होता ठाऊक आहे? इंदू आणि पुढं मावशीचं जन्मसाल. मेलला तोच, गाण्यांना तोच, वीजबिलाला तोच. साऱ्या गावाला पाठ. साऊंडवाल्या कमलेशनं एकदा चेष्टेत मावशीच्या गाण्यांत डीजेचा व्हिडिओ घुसवला. तेव्हा मी म्हटलं, बस्स. आता प्रत्येक खात्याला वेगळा, लांबलचक, अर्थ नसलेला पासवर्ड. तो कुणाच्या डोक्यात नाही, मॅनेजरमध्ये. आणि मॅनेजरचा मुख्य पासवर्ड ताईनं स्वतः टाकला. मी पाठ फिरवून उभा होतो.” तो थांबला. “मॅडम, तुम्ही कसे ठेवता पासवर्ड?”

छायाबाईंनी चहाचा घोट घेतला. त्यांचा एकच पासवर्ड होता, मुलाच्या नावाचा, आणि तो सगळीकडं होता. दिवसभर लोकांना उपदेश करून घरी गेल्यावर स्वतःचं काही नीट करायचं त्राण उरत नसे.

“माझं राहू दे. समजा, तुझ्या त्या मॅनेजरच्या कंपनीतूनच कुणी बघितलं असेल तर?”

“त्यांनाही दिसत नाही. त्यांच्याकडं कुलूपबंद पेटी असते, चावी नसते. आता जगात काहीच शंभर टक्के नाही, मी तरी कशाला सांगू? पण तसं झालं असतं तर बाहेरून शिरल्याची खूण दिसली असती. टॅबवरून कशाला झालं असतं?”

“टॅबवर मुख्य पासवर्ड टाकावा लागतो?”

“पासवर्ड नाहीतर बोट. दरवेळी एवढं लांब टाकायचा ताईला कंटाळा, म्हणून बोट लावून दिलं. दोघींचंच. एक ताईचं, एक मावशीचं.”

“इंदूबाईंचं कशाला?”

“गाणी त्यांची, मॅडम. ताई कर्जतला. मावशीला आपलेच धवले ऐकावेसे वाटले तर?”

छायाबाईंनी त्या दुपारचं विचारलं. शेजारच्या घरी हळद होती. घरची सगळी तिकडं गेलेली. घशाच्या ऑपरेशनपासून इंदूबाई कुठं जात नसत, त्या एकट्याच माजघरात झोपल्या होत्या. सुप्रियाचा भाऊ मनोज कंपनीत पाळीवर.

“आणि तू?”

जितेशनं कप खाली ठेवला. “मी गेलो होतो. मावशीची औषधं द्यायला. टॅब फडताळात होता, मी हातही लावला नाही. पण गेलो होतो हे खरं.” मग म्हणाला, “मी निघालो तेव्हा कमलेश दारात चपला काढत होता.”

३

कमलेश साजगावला राहायचा. छायाबाई पोचल्या तेव्हा तो टेंपोत स्पीकर चढवत होता, अंगातलं बनियन घामानं चिकटलेलं.

“आलात? मी वाटच बघत होतो. भोईरांकडं काय पण झालं तरी आधी माझंच नाव निघतं.”

“डीजेचा व्हिडिओ तू घातला होतास ना?”

“ती मस्करी व्हती वो. आणि जुना पासवर्ड वडाखालच्या म्हाताऱ्यांनापण ठाऊक व्हता. आताचा कोनाला म्हायती नाय.”

“त्या दुपारी कशाला गेला होतास?”

“आजीला विचाराया. धवला घेऊन खाली जरा ठेका टाकू द्या, पोरं नाचतील. सुप्रियाताई नको म्हणते. म्हटलं आजीला विचारू. तर आजी झोपलेली. हाक मारली, उठली नाय. मग थोडा टेकलो, पानी प्यालो आणि हळदीत गेलो.”

छायाबाईंच्या मनात ते चित्र उभं राहिलं आणि नकोसं वाटलं. रिकामं घर, फडताळात टॅब, गाढ झोपलेली म्हातारी. टॅब तिच्या अंथरुणाशी न्यायचा, हात उचलायचा, बोट टेकवायचं. पासवर्ड कितीही लांब असला तरी झोपलेल्या माणसाचं बोट नाही म्हणत नाही.

“कमलेश, खात्यात काय उरलंय ते बघितलंस?”

“बघितलं ना. माझंच उरलंय!” तो स्पीकरवर बसला. “जुने धवले मी घेतलेले, ऑपरेशनच्या आधी. चांगला माइक लावून. ते सगळे जागच्या जागी हायत. गेले ते ताईनं घेतलेले. घरात, मागच्या खोलीत, फोनवर. तेव्हा मला उंबरा पण चढू दिला नाय.”

“म्हणजे चोरानं तुझं काम राखलं.”

“तेच ना! म्हणून तर माझ्यावर येतंय.” मग मान हलवून तो म्हणाला, “पन खरं सांगू का मॅडम, गेले तेच भारी व्हते. माझे जुने त्यांच्यापुढं काय नाय. लोकांचा गळा ऑपरेशननं जातो, आजीचा तरणा झाला. मी धंद्यातला माणूस, मला पन नवल वाटलं.”

टेंपो सुरू करायला त्याचा पोरगा हॉर्न वाजवू लागला. छायाबाई रस्त्यापर्यंत आल्या आणि थांबल्या. कमलेशनं आताच जे सांगितलं ते त्याला स्वतःला ऐकू आलं नव्हतं. त्यांना आलं होतं, पण त्याचं काय करायचं ते अजून कळत नव्हतं.

४

कुंभेवलीचं घर सिमेंटचं, पुढं पत्र्याची पडवी, शेजारच्या मांडवाचे बांबू अजून तसेच. सून हर्षलानं पाणी आणलं. तिशीतली, सडपातळ बाई. डोळे खाली, पण हाताचं काम न थांबणारी.

इंदूबाई माजघरात उशीला टेकून बसल्या होत्या. गळ्यावर ऑपरेशनची आडवी खूण. बोलल्या की आवाज कागद फाटल्यासारखा यायचा, तोही अर्ध्यात तुटायचा.

“बस गं,” त्या म्हणाल्या. तेवढ्यानंच त्यांना खोकला आला.

छायाबाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. हा गळा तरणा झाला होता?

“त्यांना बोलाया लावू नका,” हर्षला म्हणाली. “डॉक्टरनी सांगलंय. काय विचारायचं ते मला विचारा.”

“त्या दुपारी तू कुठं होतीस?”

“हळदीत. शेजारीच. मधी एकदा आईंना पेज द्याया आलते.”

“तेव्हा घरात कुणी होतं?”

“कोन नाय. कमलेश येऊन गेला म्हनतात. मला दिसला नाय.”

“पेज घेतली त्यांनी?”

“झोपल्या व्हत्या. झाकून ठेवली.”

बाहेरून कुणी बाईनं हाक मारली, रेशनचं धान्य आलंय, अंगठा द्यायला चल. हर्षलानं पदर खोचला. “जाऊन येऊ का मॅडम? दुकान बंद करंल तो. कार्डावर आईंचं नाव हाय, पन मीच जाते. त्यांचा अंगठा मशीन घेतच नाय. जलम सगला भाताच्या लावनीत गेला, हातावर रेघ ऱ्हाली नाय. बँकेत पन तसंच. सहीच करतात.”

ती गेली. छायाबाई तशाच बसून राहिल्या. मग उठल्या, फडताळातला टॅब काढला आणि इंदूबाईंच्या शेजारी खाली बसल्या.

“इंदूबाई, जरा बोट द्या.”

म्हातारीनं त्यांच्याकडं बघितलं. ती नजर झोपाळलेली नव्हती, आजारीही नव्हती. हात मात्र तिनं मुकाट्यानं पुढं केला. बोटांची टोकं नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत होती. छायाबाईंनी अंगठा टेकवला, टॅब थरथरला, उघडला नाही. तर्जनी टेकवली. पदराला हात पुसून पुन्हा. मग दुसरा हात, एकेक बोट. टॅब ढिम्म.

झोपेत असो की जागेपणी, या बोटानं हे कुलूप कधीच उघडलं नव्हतं.

छायाबाईंनी अंगणात येऊन जितेशला फोन लावला.

“मावशीचं बोट लावलंस म्हणालास. ते लागलं हे तू डोळ्यांनी बघितलंस?”



“नाही मॅडम,” जितेश म्हणाला. “मावशी चुलीशी होत्या. मी टॅब आत दिला आणि कुठं बोट ठेवायचं ते सांगून ओटीवर चहा घेत बसलो. थोड्या वेळानं आतून आवाज आला, झालं म्हणून.”

“आत अजून कोण होतं?”

५

दुसऱ्या दिवशी सकाळी छायाबाईंनी सगळ्यांना माजघरात बसवलं. सुप्रिया कर्जतहून आली होती, जितेश दाराशी उभा होता. बहीण-भाऊ एकमेकांकडं बघत नव्हते. हर्षला चुलीपाशी पाठ करून तांदूळ निवडत होती.

“मी थकलेली बाई आहे,” छायाबाई म्हणाल्या. “मला फार बोलवत नाही. सुप्रियाताई, तुमचा पासवर्ड कुणी फोडला नाही. तुमच्या मॅनेजरमध्ये कुणी शिरलं नाही. मुख्य पासवर्ड तुम्हालाच ठाऊक, म्हणजे ते बोटानं उघडलं. बोटं दोन. एक तुमचं, ते अलिबागला होतं. दुसरं आईंचं. मलाही आधी वाटलं, झोपलेल्या बाईचं बोट कुणी टेकवलं असेल. पण आईंचं बोट ना रेशनचं मशीन घेत, ना बँकेचं, ना हा टॅब. काल मी दहाही बोटं लावून बघितली.”

“मग?” सुप्रिया म्हणाली.

“मग आईंच्या नावावर जे बोट लागलंय ते आईंचं नाहीच. त्या दिवशी जितेश ओटीवर होता. आत दोघीच होत्या. एकीचं लागेना, म्हणून दुसरीचं लावलं.”

तांदूळ निवडणारा हात थांबला.

“वहिनी?” सुप्रिया हसलीच. “काहीतरीच काय मॅडम. वहिनीला काय करायचंय धवले पुसून?”

“तेच मला काल कळत नव्हतं. म्हणून मी गाडीत बसून उरलेले धवले ऐकले. सगळे ऑपरेशनच्या आधीचे. पिकलेला आवाज, इंदूबाईंचा. पुसणाऱ्याला वेळ कमी पडला म्हणालात ना तुम्ही? वेळ भरपूर होता. कचऱ्याची पेटी रिकामी करण्याइतका. त्यानं वेचून पुसलं. ऑपरेशननंतरचं तेवढं पुसलं, आधीच्याला हात लावला नाही.” छायाबाईंनी सुप्रियाकडं पूर्ण वळून बघितलं. “आईंना पाणी मागायचं म्हटलं तरी धाप लागते. ऑपरेशननंतर या घरात धवले कोण गात होतं, ताई?”

सुप्रियाचा चेहरा हळूहळू लाल झाला. जितेश दाराशी सरळ उभा राहिला.

“आईचेच आहेत ते,” ती म्हणाली, पण आवाज उतरला होता. “चाल आईची. शब्द आईचे. वहिनीनं नुसते म्हटले.”

“आणि तुम्ही आईंच्या नावावर टाकले.”

“मग काय करू? संस्थेला जुनी धवलारीण पाहिजे होती. सून गाते म्हटल्यावर कोण विचारणार होतं? आईचं नाव राहावं एवढंच मला… आणि वहिनी कधी नको म्हणाली नाही!”

“म्हनले,” हर्षला म्हणाली.

ती वळली नव्हती. पाठमोरीच बोलली.

“दोनदा म्हनले. बारीक अक्षरात का व्हयना, माजं नाव टाका. तुमी म्हनल्या, नंतर बघू.” मग ती वळली. “माज्या भाचीची हळद व्हती माहेरी. मी म्हटलं, मी म्हनते धवला. तर भावजय म्हनली, तुम्ही बसा वन्सं, इंदूबाईंचा लावलाय ना. मांडवात मोठा स्पीकर. माजाच गळा वाजत व्हता आणि मी तोंड गप करून बसलेली. बायका म्हनत, बगा, असं गावं. माज्याकडं बघून म्हनत व्हत्या. मी काय सांगनार? सासूच्या नावावरचं माजं हाय म्हनून सांगू? कोनी खरं मानलं असतं?”

तिनं तांदळाचं सूप बाजूला सारलं.

“पेज द्याया आले तवा शेजारच्या मांडवात पन तेच लावलेलं. ऐकलं आणि टॅब काढला. चोरी नाय केली मॅडम. आईंचं एक पन नाय पुसलं. माजं तेवढं माज्याकडं घेतलं.”

“आणि जितेशवर आळ आला तेव्हा?” छायाबाईंनी विचारलं.

आता मात्र हर्षलाची मान खाली गेली. “रोज म्हनत व्हते, आज सांगते. नाय सांगवलं.”

दाराशी जितेशनं एक लांब श्वास सोडला. रागावायला तो आला असावा, पण आता कुणावर रागवायचं ते त्याला ठरवता येत नव्हतं.

उशीला टेकलेल्या इंदूबाईंनी हात वर केला. सगळे तिकडं वळले. “बोट मीच लावाया सांगलं,” त्या म्हणाल्या. खोकला आला, तो त्यांनी जिरवला. “आणि पुसलं कोनी, ते पन ठाऊक व्हतं. मी जागी व्हते.”

“मग आई, बोललीस का नाहीस?” सुप्रिया ओरडलीच.

“बोलाया गळा कुटं हाय?” म्हातारी म्हणाली. मग म्हणाली, “तू तरी कुटं इचारलंस? तुजं नाव, माजं नाव. हिचं नाव कोनी घेतलं नाय. मी पन नाय घेतलं. मना पन ऱ्हावंसं वाटत व्हतं गं, लोकांच्या तोंडात.”

त्यानंतर छायाबाईंनी जे केलं ते कुठल्या नियमात बसत होतं, ते त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही. त्यांनी सुप्रियासमोर फोन धरला आणि जितेशच्या साहेबांचा नंबर लावायला सांगितला. सुप्रियानं एकदा भावाकडं बघितलं.

“माफी नको ताई,” जितेश म्हणाला. “फक्त जे खरं ते सांग. नीट ऐकू जाईल असं.”

सुप्रिया बोलली. आधी अडखळत, मग शिक्षिका वर्गात बोलते तशी स्पष्ट. फोन ठेवल्यावर ती तिथंच भिंतीला टेकून खाली बसली. हर्षलानं तिच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. तो तिनं घेतला, पण वर बघितलं नाही.

निघताना जितेशनं टॅब हातात घेतला. “वहिनी, तुमचं बोट काढून टाकू का यातून?”

हर्षला काही बोलायच्या आत इंदूबाईंनी मान हलवली. “ऱ्हाऊ दे. माजं म्हनून नको. तिचं म्हनून ऱ्हाऊ दे.”

सुप्रिया छायाबाईंना रस्त्यापर्यंत सोडायला आली. उन्हानं डांबर मऊ झालं होतं. “तक्रार मागं घेते मी,” ती म्हणाली. “आणि तो मॅनेजरपण काढून टाकते. डोक्याला ताप.”

“त्यानं काय वाकडं केलं तुमचं?” छायाबाई रिक्षेला हात करत म्हणाल्या. “ज्यांना आत घ्यायला सांगितलं त्यांनाच त्यानं घेतलं. ठेवा तो. फक्त कुणाचं बोट कुणाच्या नावावर आहे ते एकदा बघून घ्या.”

रिक्षेत बसल्यावर त्यांनी डोळे मिटले. प्रकरण सुटलं होतं, पण सुटल्यासारखं वाटत नव्हतं. धवले गेले ते गेलेच होते. पुसणारीलाही ते परत आणता येणार नव्हते, आणि तिनं तशी इच्छाही दाखवली नव्हती.

६

पावसाळा सरता सरता एका सकाळी छायाबाईंच्या फोनवर जितेशचा निरोप आला. तो कामावर परत लागला होता, मात्र दुसऱ्या विभागात. पहिल्या साहेबांना मागचं सगळं विसरायला जमलं नव्हतं. तो निरोप दोन ओळींचा होता आणि त्याखाली एक रेकॉर्डिंग होतं.

टेबलापलीकडं एक गृहस्थ बसले होते, घामाघूम. त्यांना कुणीतरी वीज तोडायची धमकी देऊन फोनमध्ये काहीतरी घ्यायला लावलं होतं. “मॅडम, ऐका तरी,” ते म्हणत होते.

छायाबाईंनी रेकॉर्डिंग लावलं. आधी भांड्याचा आवाज, कुणीतरी दार लावलं. मग बायकी आवाज, ओळखीचा, जरा घाबरलेला.

“मी हर्षला मनोज भोईर. कुंभेवली. हळदीचा धवला म्हनते.”

ती गाऊ लागली. कमलेश म्हणाला होता ते खोटं नव्हतं. आवाज मोकळा होता, वर जाताना कुठं ओढाताण नव्हती. पहिली ओळ संपली आणि छायाबाईंना वाटलं, आता ती दुसरी घेईल. पण तिनं घेतली नाही. ती थांबली होती.

त्या थांबलेल्या जागेत मागून एक दुसरा आवाज उठला. फाटलेला, घोगरा, अर्ध्यात तुटणारा. तीच ओळ तो झेलत होता, जशी धवलारणीच्या मागं बसलेली बाई झेलते. शेवटचे शब्द त्याला पेलवले नाहीत, ते नुसत्या श्वासात गेले. हर्षला वाट बघत होती. म्हातारीनं ओळ पुरी केली, तेव्हाच तिनं पुढची उचलली.

“मॅडम,” समोरचे गृहस्थ म्हणाले.

छायाबाईंनी हातानंच त्यांना जरा थांबायला सांगितलं.